हो, एक सायकल चोरली होती

शेजाऱ्याच्या पासपोर्टच्या अर्जावर ‘मी या गृहस्थांना ओळखतो’ अशी सही करण्यापूर्वी माणसाने तीनदा विचार करावा. शेजारी सज्जन असेल तर सहा वेळा. लबाड माणसाची जामिनकी त्या मानाने सोपी असते. आपण काय बोलायचं ते तो आधीच पढवून ठेवतो. सज्जन माणूस ऐन वेळी काय बोलेल याचा नेम नसतो, आणि आमचे एफ्राइम वाकरूळकर तर सज्जनांमध्येही अट्टल.

पनवेलला आमच्या सोसायटीत ते माझ्या समोरच्या दारात राहतात. बेने इस्रायली, म्हणजे मराठी ज्यू कुटुंब, मूळचं कोकणातलं. शाळेच्या प्रयोगशाळेत साहाय्यक म्हणून चौतीस वर्षं काढून निवृत्त झाले. मुलगी अयाला लग्न होऊन इस्रायलला गेली आणि तिच्या पहिल्या बाळंतपणासाठी बथशेबाकाकूही पुढे गेल्या. काकांकडे पासपोर्टच नव्हता. ‘मला कुठे जायचंय?’ असं ते पंचवीस वर्षं म्हणत आले होते. मग दोन हजार नऊच्या दिवाळीत अयालाचा फोन आला. मुलगा होणार होता. तिकडे हे आधीच सांगतात. मुलाचा आठव्या दिवशी सुंतेचा विधी असतो आणि त्या वेळी बाळ आजोबांच्या मांडीवर असावं असा रिवाज. अयालाचे सासरे दोन वर्षांपूर्वी वारले होते. म्हणजे मांडी एकच उरली होती, आणि ती पनवेलला होती. डिसेंबरचा दुसरा आठवडा, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं.

“त्यात काय, मी आहे ना!” मी म्हणालो.

मी पाटबंधारे खात्यात हेडक्लार्क आहे. सरकारी कागद कसा हलतो हे मला नाही कळणार तर कोणाला? माझं वाक्य ऐकून माझी बायको किशोरी स्वयंपाकघरात गेली आणि आतून एक भांडं आपटल्याचा आवाज आला. बावीस वर्षांच्या संसारात ‘मी आहे ना’ या माझ्या तीन शब्दांनंतर काय काय घडलं, याची तिच्याकडे यादी आहे.

पहिली अडचण नावाची. रेशनकार्डावर ते ‘इब्राहिम’ होते, मतदार यादीत ‘इफ्रान’ आणि लाइटबिलावर ‘एफ. राम’. मी म्हटलं, सगळ्यात जवळचं बघून एक धरू आणि बाकीचे कागद काढूच नका. काकांना ते पटेना. “पण हे सगळे मीच आहे ना, जीवनराव!” तहसील कचेरीत जाऊन त्यांनी ‘वरील चारही इसम मीच आहे’ असं प्रतिज्ञापत्र केलं. तिथल्या कारकुनाने चारही इसमांना समोर आणायला सांगितलं. त्यात आठवडा गेला. तपशील सांगत नाही, माझ्याच व्यवसायबंधूची बदनामी होईल.

अर्ज गेला. ओळखीच्या माणसाच्या रकान्यात मी माझं नाव घातलं आणि किती वर्षांची ओळख, तिथे ठोकून दिलं, ‘दहा’. आकडा गोल असला की साहेबाला बरं वाटतं.

आता पोलिस चौकशी. आमच्या भागातल्या चौकीचे हवालदार उदयसिंह खराडे कागद घेऊन स्वतः घरी आले, आणि आले नेमके शनिवारी. शनिवारी काकांचा शब्बाथ. त्या दिवशी ते लिहीत नाहीत, सहीसुद्धा करत नाहीत. हवालदार जिना चढताना दिसले तसा मी समोरच्या घरात घुसलो आणि कुजबुजलो, “ताप आलाय म्हणून सांगा. सोमवारी येतो म्हणा.” काकांनी मान डोलवली, दार उघडलं आणि हसून म्हणाले, “या या. जीवनराव म्हणतात, मला ताप आलाय असं सांगा. पण मला ताप नाही. माझा शब्बाथ आहे, आज सही करता येत नाही.”

हवालदारांनी त्यांच्याकडे पाहिलं, मग दारामागे उभ्या असलेल्या माझ्याकडे पाहिलं. “सोमवारी दोघंही या,” ते म्हणाले. त्यातल्या ‘दोघंही’वर त्यांनी दिलेला जोर मला आवडला नाही.

सोमवारी आम्ही चौकीत गेलो. खराडे माणूस चांगला होता. आम्हाला खुर्च्या दिल्या, चहा सांगितला. पत्ता, वय, नोकरी सगळं भरभर लिहून झालं. मग पेन ‘नाही’मधल्या ‘ना’साठी कागदावर टेकवून त्यांनी सहज विचारलं, “आतापर्यंत काही गुन्हा वगैरे?”

“हो,” काका म्हणाले. “केलाय.”

कागदावर टेकलेल्या पेनाखाली शाईचा ठिपका मोठा होऊ लागला.

“एक सायकल चोरली होती. त्रेसष्ट साली.”

“कोणाची?”

“काशिराम दामा कोळी, राहणार करंजा. मडगार्डवर नाव रंगवलेलं होतं.”

मग त्यांनी सविस्तर सांगितलं. वय एकोणीस. बहीण उरणला दिलेली, ती फार आजारी असल्याचा निरोप आला आणि शेवटची एस.टी. चुकली. बाजारात बर्फाच्या कारखान्यासमोर बिनकुलपाची सायकल उभी होती. करंजा उरणच्या पुढेच, तर बहिणीला बघून सायकल तिथे पोचती करू, असा विचार करून हे बसले आणि निघाले.

“मग ती चोरी कुठे झाली?” हवालदारांनी मोठ्या आशेने विचारलं.

“जासईच्या अलीकडे उतारावर ब्रेक लागला नाही. मी बांधावर पडलो, सायकल खाडीत गेली. भरती होती. दुसऱ्या दिवशी येऊन पाहिलं तर नुसता चिखल. मग त्यांना सांगायची हिंमत झाली नाही. जाणार होतो. दर वर्षी जाणार होतो.”

“केस झाली होती? नाव आलं होतं?”

“नाही. कोणालाच माहीत नाही. आमच्या हिलासुद्धा नाही.”

“अहो, मग मला का सांगितलंत?” खराडे अगदी काकुळतीला आले.

“तुम्ही विचारलंत,” काका म्हणाले. “शेचाळीस वर्षांत कोणी विचारलंच नव्हतं.”

मी टेबलाखालून त्यांचा पाय दाबला. “पाय का दाबताय, जीवनराव?” त्यांनी विचारलं.

हवालदारांनी पेन खाली ठेवलं, टोपी काढली, पुन्हा घातली. मग मोर्चा माझ्याकडे वळवला. “तुम्ही यांना दहा वर्षं ओळखता?”

मी ‘हो’ म्हणायच्या आत काका म्हणाले, “सात वर्षं चार महिने. त्यातली पहिली तीन आम्ही बोलत नव्हतो. हे सकाळी सहाच्या आधी पंप लावून टाकीतलं पाणी ओढून घ्यायचे ना, त्यावरून. आता घेत नाहीत. म्हणजे रोज घेत नाहीत.”

माझ्या अठ्ठावीस वर्षांच्या सरकारी नोकरीत एकही शेरा नाही. तो त्या दिवशी एका लाकडी खुर्चीत बसल्या जागी मिळाला.

शेवटी खराड्यांनीच तोड काढली. “हे बघा, कागदावर केस नाही, त्यामुळे मला अडवायचं कारण नाही. पण कानांनी ऐकलंय, त्यामुळे माझा हात चालत नाही. तुम्ही त्या काशिरामला शोधा. ‘माझी काही तक्रार नाही’ असं लिहून आणा, मी लगेच अहवाल पाठवतो.”

संध्याकाळी सोसायटीच्या पायऱ्यांवर ही बातमी माझ्याआधी पोचली होती. तळमजल्यावरच्या प्रितेशचं खारघरला मोबाइलचं दुकान आहे आणि त्याच्याकडे प्रत्येक गोष्टीचं सेटिंग असतं. “काका, कन्फेस कशाला करायचं? आता एकच करा. मेंटली थोडे हे आहेत, असं डॉक्टरचं सर्टिफिकेट जोडून टाका.” मी म्हटलं, वेड्याला पासपोर्ट देतात का? त्यावर तो म्हणाला, “ते मला बघावं लागेल.” वरच्या मजल्यावरच्या भावनाताईंनी नवी सायकल घेऊन द्या, गिअरवाली, असं सुचवलं. त्रेसष्ट सालचा माणूस गिअरवाल्या सायकलवर बसून कुठे जाईल, याचा विचार त्यांनी केला नव्हता.

रविवारी मी स्कूटर काढली. मागे काका, हँडलला माझी ऑफिसची फाइल. फाइलमध्ये ‘माझी काहीही तक्रार नाही’ असा टाइप केलेला कागद, खाली सहीची जागा. जासईजवळ कंटेनरच्या ट्रेलरांच्या रांगेत आम्ही अर्धा तास अडकलो. काका मला ती जागा दाखवू लागले, पण तिथे खाडीच राहिली नव्हती. भराव घालून वर कंटेनर रचलेले होते. “या खाली कुठेतरी असेल,” ते म्हणाले आणि त्यांनी चक्क हात जोडले. मागच्या ट्रेलरवाल्याने हॉर्न वाजवला.

करंजाला काशिरामचं घर पहिल्याच माणसाने दाखवलं. एका भिंतीला लागून दोन घरं होती, एक निळं, एक हिरवं, आणि दोघांच्या ओट्यांच्या मध्ये पुरुषभर उंचीचा गंजलेला पत्रा ठोकलेला. निळ्या ओट्यावर सत्तरीच्या घरातला एक म्हातारा जाळं शिवत बसला होता. माझ्या हातातली फाइल बघून तो सावध झाला.

“जमिनीचा नोटिस हाय का?”

“नाही नाही. काशिराम दामा कोळी आपणच ना? त्याचं असं आहे…” मी येताना एक प्रस्तावना तयार केली होती. त्यात ‘तारुण्यसुलभ’ असा एक शब्द होता. तो यायच्या आधीच काका पुढे झाले.

“मी तुमची सायकल चोरली होती. त्रेसष्ट साली, पनवेलला, बर्फाच्या कारखान्यासमोरून.”

म्हाताऱ्याच्या हातातली सुई थांबली.

“हिरवी?”

“हिरवी.”

“घंटी पितळंची?”

“पितळेची. नीट वाजायची नाही.”

म्हातारा उठला आणि आत वळून ओरडला, “गुणे! भायेर ये! सायकल चोरनारा आलाय!”

त्याची बायको गुणाबाई पदराला हात पुसत बाहेर आली. पुढचा पाव तास मला काहीच कळलं नाही, कारण दोघंही एकदम बोलत होती. हळूहळू उलगडलं ते असं: ती सायकल गुणाबाईच्या भावाने, विठूने, बहिणीच्या लग्नात काशिरामला दिली होती. महिनाभरात मेहुण्या-मेहुण्यांचं कशावरून तरी वाजलं आणि विठू म्हणाला, माझी सायकल परत दे. त्यानंतर चारच दिवसांनी पनवेलच्या बाजारातून सायकल गायब. काशिरामने काय समजायचं ते समजून घेतलं. विठू राहायचा शेजारच्या हिरव्या घरात. मध्ये पत्रा ठोकला गेला, तो आजतागायत.

काशिराम मटकन खाली बसला. “मंग शेचाळीस वरसं मी विठूशी बोललो नाय, ते कशापायी?”

हा प्रश्न त्याने मला विचारला. फाइल माझ्या हातात होती ना.

गुणाबाई पत्रा हाताने बडवायला लागली. “दादा! ओ दादा!” पत्र्याच्या वर एक टक्कल आणि दोन घाबरलेले डोळे दिसले. विठू पलीकडे कशावर तरी उभा राहिला असावा. त्याला सगळं ओरडून सांगितलं. त्याने ते सगळं ऐकून घेतलं.

“समदा गाव म्हनतो मीच नेली,” तो शेवटी म्हणाला. “येवडी वरसं ऐकून ऐकून मना पन वाटाया लागलं, नेली आसंल.”

हे ऐकून काशिरामचा चेहरा बदलला. चूक आपलीच आहे हे कळल्यावर माणूस आधी दुसरा कोणीतरी शोधतो. तो ताडकन उठला आणि काकांकडे बोट दाखवून मला म्हणाला, “साहेब, माजी तक्रार लिवा. ह्या मानसाला पकरा. माजा मेव्हना खाल्ला ह्यानं!”

“लिहा, जीवनराव,” काका शांतपणे म्हणाले. “त्यांचं बरोबर आहे.”

माझी अवस्था काय वर्णावी? उजव्या हातात पेन, डाव्या हातात ‘काहीही तक्रार नाही’ असा कागद, समोर तक्रारदार, बाजूला खुशीने तयार असलेला आरोपी. तिकडे अयालाचे दिवस भरत आलेले. मी कोण आहे तेच मला क्षणभर आठवेना. साहेब असावा असं वाटून मी पेनाचं टोपण काढलंसुद्धा.

“कंची तक्रार लिवता?” गुणाबाई मध्ये येऊन उभी राहिली, आणि ती माझ्याशी नाही, नवऱ्याशी बोलत होती. “ह्यानं सायकल नेली. भांडान कोनी केला? पत्रा कोनी ठोकला? तो बी ह्यानंच? हा मानूस पनवेलशी आला सांगाया. तुमी ह्या पत्र्याच्या पल्याड गेलाव कदी, इचाराया?”

काशिराम जाळ्याकडे बघत राहिला. मग आत गेला आणि पहार घेऊन बाहेर आला. मी दोन पावलं मागे सरलो. पण त्याने ती पत्र्याच्या कडेला घातली.

शेचाळीस वर्षांचा पत्रा असा सहजी निघत नाही. खिळे गंजून लाकडात मुरलेले होते. अलीकडून काशिराम आणि काका, पलीकडून विठू, आणि मध्ये, कसा कोण जाणे, मी. पत्रा आला तो माझ्याच अंगावर. शर्टाची बाही फाटली आणि अंगठा कापला. गुणाबाईने त्यावर हळद दाबली. पत्रा पडल्यावर ते दोघे म्हातारे समोरासमोर उभे राहिले आणि एकमेकांना वरपासून खालपर्यंत न्याहाळू लागले. शेवटी विठू म्हणाला, “म्हातारा झालास.” काशिराम म्हणाला, “तू तर टकला झालास.” एवढंच. पण मला तिथे उगाचच नाक शिंकरावं लागलं.

जेवल्याशिवाय सोडणार नाही, असं गुणाबाईने बजावलं. काकांनी तिथेही सरळ विचारलं, “मासा कुठला? आम्ही खवल्यांचाच खातो.”

“बोय हाय. खवलं मोजून दावू?” ती म्हणाली.

कागदावर काशिरामने सही केली, साक्षीदार म्हणून विठूने केली. मी फाइल बांधून स्कूटरकडे निघालो, तेवढ्यात विठू मागून आला आणि माझ्या कानाशी लागला. “साहेब, लिवू नका, पन एक सांगतो. ती सायकल पलवायचा इचार मी केल्ता. दोन टायम त्याच्यामागं पनवेलला गेल्तो. तिसऱ्या टायमाला जायाच्या आदीच ती गेली.”

काकांनी ते ऐकलं. “हे त्यांना सांगायला हवं,” ते म्हणाले आणि वळले. मी त्यांना दंडाला धरून स्कूटरवर बसवलं आणि जासईपर्यंत कुठेही ब्रेक लावला नाही.

खराड्यांनी तो कागद दोनदा वाचला. अहवालात ‘अर्जदाराचे चारित्र्य’ एवढं लिहून ते थांबले. “काय लिहू? निष्पाप म्हणावं तर पाप केलंय. चांगलं म्हणावं तर ते मी सगळ्यांनाच लिहितो.” बऱ्याच विचाराने त्यांनी ‘सरळ’ असा शब्द घातला आणि सहीखाली दोन रेघा ओढल्या.

पासपोर्ट आला, व्हिसा झाला. अयाला आठवडाभर आधीच, बुधवारी बाळंत झाली. म्हणजे विधी पुढच्या बुधवारी. तिकीट रविवारी दुपारचं मिळालं. किशोरीने अयालासाठी डिंकाचे लाडू केले. मी तो डबा कापडात गुंडाळून त्यावर चिकटपट्टीचे सहा वेढे दिले, सांडायला नको म्हणून. काकांना टॅक्सीत बसवून दिलं आणि घरी येऊन मी दिवाळीनंतर पहिल्यांदाच, सकाळी साडेदहाला पाय पसरून बसलो.

साडेबाराच्या सुमाराला मोबाइल वाजला. पलीकडे एक बाई होत्या. आवाज सरकारी, पण मराठी.

“जीवन चौबळ? विमानतळावरून बोलतेय, सुरक्षा तपासणी. एफ्राइम वाकरूळकर नावाच्या प्रवाशाकडे तुम्ही काही पार्सल दिलंय?”

“नाही,” मी म्हणालो.

का म्हणालो, देव जाणे. सरकारी नोकरीत ‘तुम्ही’ने सुरू होणाऱ्या कुठल्याही प्रश्नाचं पहिलं उत्तर ‘नाही’ असतं, ते आपोआप येतं. किशोरी समोर उभी होती. तिने कपाळाला हात लावला.

“नाही?” बाईंचा आवाज बदलला. “ते म्हणतात तुम्ही दिलंय. कोणी काही सोबत दिलंय का, असं विचारलं तर लगेच ‘हो’ म्हणाले. आत काय आहे विचारलं तर म्हणतात, लाडू आहेत असं सांगितलंय, पण मी स्वतः पाहिलेले नाहीत. आणि डब्याला एवढी पट्टी गुंडाळलीय की आमची कात्री चालत नाही. दोघांपैकी एक जण खोटं बोलतोय. विमानाला फार वेळ नाही, मिस्टर चौबळ. सांगा, कोण?”

माझ्या डोळ्यांसमोर ती एकुलती एक मांडी आली. तपासणीच्या टेबलाशी उभी.

“मी,” मी म्हणालो. “डबा मीच दिलाय. पट्टीही मीच गुंडाळली. मॅडम, ते गृहस्थ सांगतील ते डोळे मिटून खरं धरा. मी सांगेन ते मात्र एकदा तपासून घ्या.”

पलीकडून कागदावर पेन चालल्याचा आवाज आला. मग बाई म्हणाल्या, “डबा उघडून बघतो. त्यांना सोडतोय,” आणि फोन बंद झाला. मी किशोरीकडे पाहिलं. ती माझ्याकडे अशी बघत होती, जशी लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी कधी कधी बघायची. मी गोंधळून पेपर उचलला. तो कालचा होता.

बुधवारी संध्याकाळी काकांचा फोन आला. आवाज घोगरा होता. “झालं, जीवनराव. बाळ माझ्या मांडीवर होतं. ते रडलं, मग मी रडलो. मी जास्त रडलो. तो डबाही पोचला. दोन लाडू कमी आहेत, ते विमानतळावर त्या बाईंना मीच दिले. म्हटलं, खाऊन बघा, म्हणजे मलाही कळेल आत काय आहे. आणि हो, किशोरीताईंना सांगा, अयाला म्हणते डिंक जरा कच्चा राहिलाय.”

मी फोन ठेवला.

“काय म्हणाले?” किशोरीने विचारलं. “लाडू कसे झालेत?”

“उत्तम,” मी म्हणालो. “फारच आवडले म्हणे.”

“हं.” तिने माझ्या हातातला मोबाइल घेतला. “लावून द्या परत. मी त्यांनाच विचारते.”